डाव्या खांद्यावरचा चेंडू

—नाही, सौरभ, तो शंकू तिथे नको. दोन पावलं मागे घ्या — आणि डावीकडे — आणखी. हं, तिथेच, मागच्या काचेपासून हातभर अंतरावर. आता या, बसा घटकाभर, मुली पाणी पिऊन येईपर्यंत. तुम्ही कोच आहात हे मला मान्य आहे. पण मीही तीन महिने रोज सकाळी सहाला या बाकावर येऊन बसते, आणि त्रेसष्ट सालची मॅट्रिक आहे. पाहिलेलं मला समजतं. पॅडल, हा तुमचा काचेच्या भिंतींतला टेनिससारखा खेळ, नावापुरता चौघांचा. जिंकते ती जोडी, जी जाळीजवळ उभी राहते. बरोबर ना? म्हणून तर माझी रसिका आणि तिची जोडीदार भाग्यलक्ष्मी, दोघींच्या कमरांना मी माझी जुनी ओढणी बांधायला लावली — तुम्ही हसलात त्या दिवशी, मी पाहिलं — पण आता पाहा, एक सरकली की दुसरी सरकते, मधून चेंडू जायची बिशाद नाही. पहिल्या आठवड्यात माझी नात जाळीजवळ पाहुण्यासारखी उभी राहायची. टप्पा पडण्याआधीच व्हॉली मारली की झालं आपलं काम, असं समजून मागे यायची. मी म्हटलं, रसिका, मारलंस की पुढे. ‘आजी, प्लीज, चिल.’ चिल म्हणे! आता शंभर व्हॉली झाल्याशिवाय नाश्ता नाही. आणि तो तुमचा बांदेहा फटका — तबक असा अर्थ तुम्हीच सांगितला होता — तो तिला मी समजावला: हळदीकुंकवाचं तबक खांद्याच्या उंचीवर धरून मागे जायचं, कुंकू सांडू द्यायचं नाही, चेंडू कापायचा आणि लगेच जाळीकडे परत. तेव्हा कुठे जमलं.

म्हणून म्हणते, हे चार दिवस दुसरं काही घेऊ नका. मी लावला आहे त्या शंकूवर उंच चेंडू, रोज साठ. समोर जाळीवर आलेल्या मुलीच्या डाव्या खांद्यावरून. का म्हणजे? रविवारी अंतिम सामना आहे, आणि समोर अपर्णा आहे, पद्मावतीची नात. आपल्या सोसायटीच्या सी ब्लॉकमधली, पलीकडच्या कोर्टवर दुसऱ्या कोचकडे शिकते, हो, तीच — आजीला अम्मम्मा म्हणते, जावई तेलुगू ना. चांगली खेळते, मी नाही म्हणत नाही. जाळीवर तर वाघीण आहे. तिला तिथून हटवायचं आहे.

पद्मावती कोण म्हणून विचारता? माझी जोडीदार, सौरभ. याच शहरात, मलकपेठेत आमची घरं समोरासमोर होती. शाळेच्या बॅडमिंटनच्या दुहेरीत ती मागे आणि मी पुढे, जाळीशी. तीन वर्षं आम्हांला कुणी हरवलं नाही. आंतरशालेय अंतिम फेरी शनिवारी होती. पांढरा स्कर्ट घालणं सक्तीचं, गुडघ्यापर्यंतचा. आणि आमच्या घरी, माझ्या बाबांच्या, एकनाथरावांच्या घरी, मुलीचे पाय दिसणं म्हणजे — असो. तो स्कर्ट मी पद्माच्या ट्रंकेत ठेवला होता. ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती. शुक्रवारी संध्याकाळी ती आमच्या बाबांशी फाटकापाशी बोलताना मला माडीवरून दिसली. शनिवारी बाबा मैदानावर आले. ओरडले नाहीत. सगळ्यांसमोर आपलं उपरणं काढून माझ्या गुडघ्यांभोवती गुंडाळलं आणि घरी घेऊन गेले. कप पद्मानं उचलला, बदली मुलीबरोबर. ती पुढे कॉलेजात गेली, बी. ए. झाली. माझं नाव कॉलेजात घातलंच नाही, दिवाळीनंतर लग्न. मी तिला एकदाच विचारलं होतं, बाबांना काय सांगितलंस? बांगड्यांशी चाळा करत म्हणाली, ‘काही नाही गं, सहज बोलले.’

साठ वर्षं मी ते वाक्य सांभाळलं आहे. आणि दैव पाहा, मुलाच्या नोकरीमुळे कुकटपल्लीला आलो, तर त्याच सोसायटीत ही! पहिल्या दिवशी गळ्यात पडली. ‘त्रिवेणी, किती गं वाट पाहिली तुझी.’ मीही गळ्यात पडले. का नाही पडायचं? रोज माझ्या शेजारी बसते, इथेच, तुम्ही बसला आहात तिथे. रविवारी पहिल्या रांगेत बसेल. तिच्या देखत तिची नात जाळीवरून मागे ढकलली गेली पाहिजे, एकदा नाही, दहादा — आणि डावीकडेच, कारण डावा गुडघा तिला साथ देत नाही.

तुम्हांला ठाऊक नव्हतं? कसं असणार. तीन आठवड्यांपूर्वी पद्मानं मला सांगितलं, अगदी रडवेली होऊन — ‘कुणाला बोलू नकोस, त्रिवेणी. डॉक्टर म्हणतात, मागे वळताना पुन्हा पिरगळला तर ऑपरेशन. पण पोरगी ऐकत नाही. फायनल खेळणारच म्हणते. तिच्या कोचला कळलं तर तो खेळू देणार नाही, म्हणून लपवते आहे. तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलू?’ मी म्हटलं, माझ्या पोटात राहील.

असे काय पाहता? मी काही तिला पाडा म्हणत नाही. चेंडू नियमाबाहेर आहे का? नाही. कुठे मारायचा हे ठरवण्याचा अधिकार मारणाऱ्याला आहे की नाही? आहे. मग? रॅकेटला टॉवेल का गुंडाळता — त्या दिवशी माझ्या बाबांनी उपरणं गुंडाळलं तसा? आणि मी तरी काय केलं? एक गोष्ट सांगितली, एवढंच. काळजीपोटी म्हणा हवं तर. तीही काळजीपोटीच फाटकापाशी उभी राहिली असेल, असं थोडंच —

थांबा. आली ती. काठी घेतली आहे आज. हातात ती निळी पिशवी — अपर्णाचा गुडघ्याचा पट्टा असेल. रोज लपवून आणते.

ये पद्मा. बस, इकडे सावलीला बस. सौरभ उठतच आहेत. मी? मी काय सांगत होते? काही नाही गं, सहज बोलत होते.

…सौरभ, उभे का राहिलात? जा आता. आणि तो शंकू उचलून न्या. आता त्याचं काम नाही.