पातळी स्थिर!

...आणि वर मलाच म्हणतात, मॅडम, तुम्ही फार घाई करता! अहो, घाई? तुम्हाला सांगते, आमच्या पाणी खात्याचं पुढच्या वीस वर्षांचं दुष्काळाचं धोरण, सहीला तयार, आणि ते उभं कशावर, तर आमच्या भागातल्या एका विहिरीवर! विहिरीची पातळी स्थिर, म्हणून नवे बोअर खुशाल घ्या, पाणी मुरवायचे बंधारे रद्द! आता, पाऊस वर्षानुवर्षं तोंड फिरवून बसलाय आणि पातळी स्थिर? मी इतक्या लांब परदेशात जाऊन पाण्याचंच शिकून आले, माझं डोकंच गरगरलं. म्हटलं, मोजतात कसं ते बघू तरी.

मोजणीचे काका आले, दोरीला लोखंडी वजन बांधलं, सोडली, सोडली, सोडली... संपली! काका म्हणाले, "लिहा, पातळी स्थिर."

"काका, पाणी लागलं का?"

"दोरी संपली की!"

"अहो, पण पाणी?"

"बाई, दरवर्षी इथंच संपते. पूर्वी ओली यायची, आता हात भिजत नाहीत, बरं पडतं!"

वजन वर आलं, कोरडं ठणठणीत! म्हणजे पाणी केव्हाच खाली निघून गेलंय आणि आम्ही आपली दोरीची लांबी लिहितोय! मी खडा टाकला, कान लावला... ऐकू आलं तुम्हाला? मलाही नाही.

धावत साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तिकडे लांब दोऱ्या असतील हो! इथं मंजुरी लागते. आणि पातळी खाली निघाली तर सगळं धोरण पहिल्यापासून कोण लिहिणार? तुम्ही?"

"हो, मी!"

अख्खं ऑफिस हसलं हो! "धोरणाच्या उद्घाटनाला मंत्री त्या विहिरीवरच येतायत, मॅडम. तोवर पातळी स्थिर!"

पण मी हटते की काय! रोज त्यांच्या दारात ठाण मांडलं, आणि तुम्हाला सांगते, दोरी आली! नवी कोरी, जाडजूड, लांबच लांब! मी पळतच विहिरीवर गेले, तर दोरी उद्घाटनाच्या मांडवाभोवती बांधलेली... गर्दी आवरायला! आणि मंत्री माइकवर, "या भागानं आता पाण्याची चिंता सोडावी!" टाळ्या! त्या टाळ्यांत माझा फोन वाजला. आई. पलीकडच्याच गल्लीत राहते, तिच्या नळाला इथल्याच बोअरचं पाणी.

"अगं, सकाळपासून नळाला नुसती हवा येतेय. शेजारणीकडेही तेच. तू त्याच खात्यात ना? काय झालंय, सांग की!"

समोरून साहेब एकटक माझ्याकडे बघतायत. म्हटलं, "आई, घरात आहे तेवढं पाणी झाकून ठेव. बाकी... पातळी स्थिर आहे."