केक कुणी केले?

बेव्ह : थांब, थांब. हे काय लिहिलंय? ‘अर्जदार बाईंनी अपंगत्व-भत्त्याच्या तपासणीच्या वेळी स्वतः चहा करून दिला, सोबत स्वतःच्या हातचे वेल्श केकही दिले.’ गेनर, स्वतःच्या हातचे?

गेनर : तू शेवटचं पान काढ ना. खूण करायच्या चौकटी तिथे आहेत.

बेव्ह : शेवटचं पान कुठे पळून जात नाही. केक कुणाचे होते?

गेनर : अगं, ती तपासणीवाली पोरगी तोंडभर हसून म्हणाली, ‘किती छान, तुम्ही केलेत?’ आता काय सांगायचं माणसानं?

बेव्ह : ‘बेव्हने केलेत.’ दोन शब्द!

गेनर : सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांना जेवू घातलं मी. आणि त्या काल जन्मलेल्या पोरीला सांगू, की शेजारीण डबा देते तेव्हा माझ्या तोंडात केक पडतो?

बेव्ह : वा गं वा! माझं लोणी, माझे मनुके, माझ्याच तव्यावर भाजलेले, नि नाव तुझं!

गेनर : मनुके जरा जास्तच झाले होते.

बेव्ह : म्हणूनच ती चार हाणून गेली वाटतं! आणि किटली कशी उचललीस?

गेनर : दोन मनगटांत धरून. घरी आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं पाठवायचं की काय?

बेव्ह : ती पाहुणी नव्हती गं बाई! तुला काय काय जमत नाही ते बघायला आली होती!

गेनर : नंतर दोन दिवस हात उशीवर ठेवून बसले होते. ते तिनं नाही लिहिलं.

बेव्ह : कुठून लिहिणार? ती गेल्यावर बसलीस ना. आणि ‘कशा आहात’ विचारल्यावर काय म्हणालीस?

गेनर : मजेत.

बेव्ह : धन्य आहेस! घराला आग लागली तरी म्हणशील, जरा ऊब आलीय.

गेनर : झालं ते झालं. अपील केलंय ना आता? ‘स्वतः येणार की कागदांवरून निकाल देऊ’ एवढंच विचारलंय त्यांनी. कागदांवरून द्या म्हणावं. दुसऱ्या चौकटीत खूण कर नि पाकीट बंद कर. शुक्रवारच्या आत पोचायला हवं.

बेव्ह : आणि कागदांवर आहे काय? चहा नि केक! वाचून वाटेल, बाई हॉटेल काढतेय. भत्ता बंद झाला, त्यावर मिळालेली, तुझ्या हातांना जमणारी गाडी परत गेली. आईला भेटून किती दिवस झाले तुला?

गेनर : तीन आठवडे. डोंगरापलीकडे जायचं, दोन बस बदलायच्या. बसचा दांडा धरता येत नाही मला.

बेव्ह : आणि ती?

गेनर : वृद्धाश्रमातल्या बाईंचा फोन येतो. मंगळवार आला की कोट घालून खिडकीत बसते म्हणे. माझी लाल गाडी दिसेल म्हणून. जीव तुटतो गं माझा... ए, रडायचं नाही हं बेव्ह! तू रडलीस की मला रुमाल काढावा लागतो, नि तो खिशातून निघत नाही.

बेव्ह : नाही रडत. सर्दी झालीय. मग सुनावणीला स्वतः जात का नाहीस?

गेनर : तिथे न्यायाधीश, डॉक्टर, नि आणखी एक कुणीतरी. तीन परकी माणसं. त्यांना सांगू, की माझ्या बॉडीचे हूक शेजारीण लावते?

बेव्ह : सांग. रोज सकाळी साडेसातला लावते. रविवारी आठला.

गेनर : आणि केकचं विचारलं तर? खोटारडी ठरेन मी.

बेव्ह : खोटारडी नाही, बढाईखोर. त्याला तुरुंग नसतो.

गेनर : नको बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बेव्ह : झाकून दाखव की! मीट बघू मूठ. बघ, अर्ध्यातच अडली. अगं, हे हात घेऊन जा तिथे. कागदाला हात नसतात.

गेनर : गेलेच तर निळा कोट घालून जाईन. आणि लिपस्टिक.

बेव्ह : लिपस्टिक अजिबात नाही!

गेनर : चॅपेलला जाते तशीच जाणार. मरायला टेकल्याचं सोंग आणणार नाही मी.

बेव्ह : बरं, लाव. पण कुणी लावून दिली, तेही सांगायचं. चल, मी न्यायाधीश. (चहादाणीवरचं लोकरीचं टोपडं डोक्यावर चढवते.) हसू नकोस. श्रीमती पार्फिट, कशा आहात?

गेनर : मजेत.

बेव्ह : गेनर!

गेनर : जिभेला सवयच पडलीय गं. पुन्हा विचार.

बेव्ह : कशा आहात?

गेनर : बरी नाही. सकाळचा पहिला तास हात माझे नसतातच. बटण लागत नाही, झाकण उघडत नाही. दोनदा उकळतं पाणी पायावर सांडलंय. बेव्हला सांगितलेलं नाही.

बेव्ह : दोनदा? कधी?

गेनर : न्यायाधीश असे ओरडत नाहीत.

बेव्ह : बरं. केक कुणी केले?

गेनर : बेव्हर्ली प्रॉथरोनं. मनुके जास्त घालते, पण सबंध गल्लीत तसे केक कुणाला जमत नाहीत. मी माझे म्हणून सांगितले, कारण एके काळी माझे त्याहून चांगले व्हायचे.

बेव्ह : शेवटचं गाळलंस तरी चालेल.

गेनर : शपथेवर आहे मी.

बेव्ह : मग पहिली चौकट ना? ‘स्वतः हजर राहीन’? आण ते पेन.

गेनर : खूण मीच करणार. सरक. अरे देवा, चौकटीबाहेर गेली की!

बेव्ह : जाऊ दे, तोही पुरावाच. तारीख आली की मी येणार बरोबर. डबाभर केक घेते.

गेनर : न्यायाधीशांना केक द्यायचे नाहीत, बेव्ह!

बेव्ह : आपल्याला गं, परतीच्या वाटेवर. बोलून बोलून घसा सुकला माझा. चहा मिळेल का एखादा?

गेनर : मिळेल की. आत्ता ठेवते... बेव्ह.

बेव्ह : काय?

गेनर : तूच ठेव. मला किटली उचलवत नाही.