सत्त्याऐंशीवं पान

(चीनमधलं झुहाय शहर. कारखान्यांच्या वस्तीतलं औयांगकाकांचं छपाईचं दुकान. दुपारचा दीड वाजला आहे. शेजारच्या, प्रिंटरची टोनर कार्ट्रिजं बनवणाऱ्या कारखान्यातली तपासणीप्रमुख शुझन टेंडर छापून घ्यायला आली आहे.)

औयांग: अगं, मी माझ्या मनानं थोडंच करतोय? तुझ्या मालकांचाच फोन होता. म्हणाले, टेंडर प्रिंटर कंपनीच्या ओरिजिनल टोनरवर काढा. खोकाही त्यांनीच पाठवला.

शुझन: काका, टेंडर कशाचं आहे? कोणत्याही कंपनीच्या प्रिंटरला चालणाऱ्या आमच्या कंपॅटिबल कार्ट्रिजचं! जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना तीन वर्षं आमचा माल घ्या म्हणायचं, आणि ते छापायचं दुसऱ्याच्या मालावर? खानावळ आपली आणि पाहुण्याला शेजारच्याकडचं ताट!

औयांग: चिडू नकोस, आधी चहा घे. दोनशे बारा पानं आहेत. मधलं पान कुणाला बदलता येऊ नये म्हणून कडा पंख्यासारख्या पसरून एकच लाल शिक्का सगळ्यांवर मारायचा. हाताळताना कुठे काळं पसरलं, शिक्का मळला, की टेंडर बाद. डुप्लिकेटवर एवढी जोखीम...

शुझन: डुप्लिकेट म्हणू नका. एकोणीस वर्षं हा शब्द ऐकतेय. तुमचं अख्खं दुकान आमच्याच मालावर चालतं ना?

औयांग: चालतं की. नाही कोण म्हणतंय?

शुझन: मग हा खोका घ्या. आत्ताच गोदामातून उचललाय. आतली चिठ्ठी वाचा.

औयांग: ‘तपासलं, शुझन.’ बरं बाई. एक पान काढून बघू. ... घे.

शुझन: बघा! कसं काळंभोर उमटलंय. अक्षर न् अक्षर सुटं.

औयांग: दिसायला छानच आहे. आता त्यावरून अंगठा फिरव.

शुझन: कशाला?

औयांग: फिरव तर खरं.

शुझन: ... गरम असेल अजून.

औयांग: गार झालंय. बघ, अख्खी ओळ पुसली गेली. आणि हे पहिल्यांदा नाही, पोरी. पंधरा दिवस झाले, शाळेच्या प्रश्नपत्रिका घेऊन बाई परत येतायत. मुलांचे हात काळे, उत्तरं काळी. मी मूर्खासारखा मशीनला शिव्या घालत बसलो. नवा रोलर टाकला.

शुझन: मशीन चांगलं आहे तुमचं.

औयांग: म्हणजे?

शुझन: मार्चमध्ये मालकांनी टोनरची पावडर बदलली. स्वस्तातली आणली. ती नीट वितळत नाही, कागदाला धरत नाही.

औयांग: आणि तुला माहीत होतं?

शुझन: पावडर बदलली हे माहीत होतं. मालक म्हणाले, माल तुंबलाय, चोळून बघायची चाचणी राहू दे, सह्या कर. मी केल्या. मनाला म्हटलं, एवढं काय बिघडणार आहे! बघितलंच नाही, काका. बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणून नाही बघितलं.

औयांग: टेंडरसोबत नमुने जाणार असतील ना?

शुझन: ते फेब्रुवारीचे. जुन्या पावडरीचे. ते पास होणार. शाळांना मात्र हे जाणार.

औयांग: हं. म्हणून ओरिजिनल.

शुझन: आणि मला वाटलं, मालकांना आपल्या मालाची लाज वाटते! भांडायला म्हणून खोका काखेत मारून आले मी.

औयांग: सत्त्याऐंशीव्या पानावर हमी आहे. ‘पुरवठ्याचा माल नमुन्यासारखाच असेल.’ खाली तुझं नाव. लाल शाईचा अंगठाही तुझाच उठणार. त्याखाली मालकांचा.

शुझन: हमीचा मजकूर मीच लिहून दिलाय.

औयांग: मग? नाही म्हणशील?

शुझन: नव्वद बायका आहेत कामाला. माझी नणंद त्यांतच. हे काम नाही मिळालं तर मेअखेर कुलूप लागणार. कोणत्या तोंडानं सांगू त्यांना, की एका अंगठ्यासाठी तुमची चूल विझवली?

औयांग: मी काय सांगू? माझीही नात त्याच शाळेत आहे. ... चार वाजता टेंडरची पेटी बंद होते, शुझन. काय छापायचं ते सांग.

शुझन: सत्त्याऐंशीवं पान तेवढं छापा. आमच्या कार्ट्रिजवर.

औयांग: डोकं फिरलं का? टेंडर बाद होईल!

शुझन: पेटीत नाही टाकायचं ते. मालकांच्या टेबलावर ठेवणार आहे. हमी त्यांचीही आहे ना? आधी त्यांनी या पानावर अंगठा घासून बघावा, मग माझा उठेल.

औयांग: ते तुला दारातूनच हाकलतील.

शुझन: हाकलू देत. जुनीच पावडर वापरीन असं त्यांनी लिहून दिलं, तर धावत येते. मग अख्खं टेंडर तुम्हाला हवं त्या टोनरवर छापा. मशीन गरम ठेवा.

औयांग: आणि नाही आलीस तर?

शुझन: तर प्रश्नपत्रिकावाल्या बाईंना सांगा, चूक मशीनची नव्हती. ती चिठ्ठी दाखवा. नाव वाचता येतं त्यावरचं, ते मी पेननं लिहिलंय.