चारच ना?

न्हाई मनिषाताई, मी पूर्णेला यायचा न्हाई. तुमी बसनं इतक्या लांबनं आलात, बसा, पाणी प्या — साहेब यायच्या आत ह्या बंगल्याचा लॉन कापायचाय मला, मशीन बंद केलंय तेवढ्यात बोलू. नागसेन तुमचा भाऊ, तसा माझाबी. पर मी येऊन सांगू काय त्याला? घरात फरशीवर पेला आडवा ठेवून दिसभर चेंडू ढकलत बसतो म्हणता, नऊ वर्षं झाली, कामधंदा सुटला, लोक येडा म्हणायलेत. आन् तुमचं म्हणणं — मुंजाजी, तू गोल्फचा प्रो झालास, तुझं ऐकंल तो, एक फटका चुकला म्हणून माणूस संपत न्हाई असं सांग. मी सांगू? मी?

प्रो होऊन काय दिवे लावले ते तरी ऐका. पुण्यात आमी दोघं साहेब लोकांच्या गोल्फच्या बॅगा उचलायचो. सोमवारी मैदान बंद, त्या दिवशी आमाला खेळू द्यायचे. स्टिक धरायला मला त्यानंच शिकवलं. मग प्रो कार्डाची परीक्षा — चार दिवस खेळायचं, ज्याचे फटके कमी तो वर, वरच्यांना कार्ड. मी शेवटच्या जागेवर लागलो, त्याचं एका फटक्यानं हुकलं. सोनपेठच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला, गावानं सत्कार केला, फेटा बांधला — नागसेननंच बांधला. आन् पुढं तीन वर्षं काय? दोन दिवस खेळायचं, नंबरात न्हाई म्हणून शुक्रवारी सांजच्याला बॅग भरायची. दर गावी तेच. घरी फोनवर सांगायचं, बरं चाललंय. शेवटी सोडलं. पयलं गवतावर खेळायचो, आता कापायलोय.

का म्हणजे? नशीब. नशीब कशाचं ताई, उगं बोलायलोय. त्या परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलाला, माझा चेंडू वाढलेल्या गवतात गेला. मी मागं स्टिक टेकवली आन् चेंडू हलला. दोन बोटं. आमच्या खेळात मागं पंच फिरत न्हाई, आपणच सांगायचं, चेंडू जाग्यावर ठेवायचा, एक फटका वाढवून घ्यायचा; न ठेवता तसाच मारला तर दोन वाढतात. मी इकडंतिकडं बघितलं आन् तसाच मारला. दोन फटक्यांची चोरी. ती जागा त्याची होती ताई, माझी नव्हती. आन् आपले आकडे आपण लिहीत न्हाई, सोबतचा लिहितो — माझ्या आकड्यांचं कार्ड नागसेनच्या हातात. माझं खेळून झालं, त्याचा चार फुटांचा फटका राहिलेला. तो आधी माझे त्या होलाचे फटके विचारायला आला. ‘मुंजा, चारच ना?’ मी म्हणलं, चारच. त्यानं परत विचारलं, ‘चारच?’ मी म्हणलं, लिही की. त्यानं लिहिलं. मग स्वतःच्या चेंडूवर जाऊन उभा राहिला आन् चुकला. चार फूट — आमच्या खोलीत तेवढ्यावरनं तो डोळे झाकून पेल्यात घालायचा. त्याच दिवशी कसा चुकला, मला अजून —

अशा का बघायलात?

त्यानं बघितलं होतं?

कधी सांगितलं तुमाला — परीक्षेवरनं आला तवाच? म्हणजे सत्काराच्या आधी? फेटा बांधताना त्याला ठाऊक होतं... माझी हनुवटी वर धरून म्हणला होता, ‘हलू नको, नीट बसू दे.’ आन् तुमीबी सगळं ठाऊक असून आलात. तो माझ्या तोंडून ऐकायला बसलाय तर. लाज वाटती ताई. लय लाज वाटती. तेवढं मला झेपायचं न्हाई.

उठा आता. पूर्णेची बस निघंल तुमची. मी भेटलोच न्हाई म्हणून सांगा — न्हाई, काईच सांगू नका. बाजूला व्हा, मशीन चालू करायलोय, मग मला कुणाचं ऐकू येत न्हाई.