रिकाम्या हाताने ये

सन्माननीय अध्यक्ष, आमचे पाळक रेव्हरंड छे; व्यासपीठावर बसलेले मंडळीचे सगळे वडीलजन; हामे बेटावरून सकाळची पहिली बोट धरून आलेले, आणि अजून बोट हलतेय अशा चेहऱ्याने बसलेले पाळक मेंग; स्वयंपाकघरात काम करता करता दारातून ऐकणाऱ्या काकू; माझे तरुण संघातले मित्रमैत्रिणी; आणि ज्यांच्यासाठी आपण जमलोय त्या आमच्या बान सुनोक बाई, तुम्हा सगळ्यांना प्रभूच्या नावाने नमस्कार.

मी प्यो गाराम. मला 'थोडक्यात बोल' असं तीन वेगवेगळ्या वडीलजनांनी वेगवेगळं गाठून सांगितलंय. मी प्रयत्न करते.

बाई आज मंडळीच्या सेवेतून निवृत्त होतायत. सत्तर झाली की पद सोडायचं, हा आपला नियम. बाईंना बाई का म्हणतो, तर त्या आयुष्यभर शाळेत होत्या. शाळा सुटली, पण शिट्टी सुटली नाही. उन्हाळ्यात तरुणांची टीम घेऊन बेटावर सेवेला जायचं, हे काम बाईंनी हातात घेतलं आणि त्याची पण शाळा केली. रांगेत उभं राहणं, मोजे धुणं, भांडं घासल्यावर उलटं करून बाईंना दाखवणं. आमचा दुह्योन, हा बघा इथे पुढे बसलाय, हसतोय, याला घरी पाण्याचा ग्लाससुद्धा आई आणून द्यायची. त्याची आई मला नंतर फोन करून म्हणाली, "गाराम, हा जेवल्यावर वाटी धुतोय गं. ताप-बीप नाही ना आला याला?"

आता काही लोक म्हणतात, आणि आपल्याच मंडळीत म्हणतात, मी नाव घेत नाही, ते चष्मा पुसतायत, की ही आठवड्याभराची सेवा म्हणजे सहल आहे. पोरं जातात, टीशर्ट घालून फोटो काढतात, परत येतात. एवढ्याशा दिवसांत कुणाचं काय भलं होणार? प्रश्न खरा आहे हो. मलाही पडतो. पण मला वाटतं त्याचं उत्तर हामे बेटावर एका म्हातारीने दिलंय, आणि तेही बाईंना रागावून दिलंय. म्हणून ती गोष्ट आज सांगायचीच असं मी ठरवलंय. बाई, तुम्ही डोळे वटारलेत तरी सांगणार. आता तुम्ही निवृत्त आहात.

माझी ती पहिलीच वेळ होती. बाईंचा एक नियम होता आणि तो ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून पाठ करून घेतला होता: गावाला आपला भार होता कामा नये. म्हणजे काय, तर गावातला एक दाणा खायचा नाही. व्हॅन बोटीत चढवली तेव्हा बोटवाला म्हणाला, "तुम्ही सेवेला चाललायत की लढाईला?" तांदूळ, किमचीची पिंपं, नूडल्सचे खोके, गॅसच्या शेगड्या, आणि पाणी. पाणीसुद्धा बाटल्यांतून. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर आम्ही पाणी घेऊन गेलो. शिवाय लहान मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बसवला होता. तिथे उतरल्यावर कळलं की बेटावर लहान मूल नाही. खेळ मग आज्यांपुढे केला. योनाला मासा गिळतो तिथे एक आजी ओरडली, "अरे, पण हा कुठला मासा? याचे कल्ले चुकलेत!"

तर धक्क्यावर बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे वोलसान आजी. माहेर वोलसान गावचं म्हणून अख्खं बेट तिला त्याच नावाने हाक मारतं. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र बोटीच्या भोंग्याएवढा. ती आम्हाला हाताला धरून गावच्या हॉलमध्ये घेऊन गेली. आत बसक्या टेबलांवर ताटं मांडलेली. वाफवलेला ऑक्टोपस, शेवाळाचं सूप, तळलेले छोटे मासे, नवीन बटाटे. सूपची वाफ अजून निघत होती.

आणि आमच्या बाई, कमरेतून वाकून, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "नको, नको आजी, कशाला एवढा त्रास घेतलात! आमचं सगळं आम्ही आणलंय."

आजीने एक स्वच्छ फडकं आणलं आणि ताटांवर टाकलं. बस. आम्ही बाहेर जाऊन नूडल्स केल्या. आम्हाला वाटलं, आपण किती छान वागलो.

दुसऱ्या दिवशी फोटोंचं काम होतं. म्हाताऱ्या माणसांचा एक चांगला फोटो काढून, चौकट करून द्यायचा. कशासाठी ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. मयताला फुलांच्या मधोमध जो ठेवतात, तो. रेशमी कपडे आम्ही नेले होते. मुली आज्यांचे केस नीट करत होत्या, लिपस्टिक लावत होत्या, आणि आज्या एकमेकींना चिडवत होत्या, "एवढी नटलीस तर यमदूत तुला ओळखायचाच नाही!" मजा चालली होती. फक्त वोलसान आजी आली नाही. निरोप पाठवला, आली नाही. दुह्योन बोलवायला गेला, तर त्याच्या हातात मिरच्यांची टोपली देऊन त्याला परत पाठवलं. शेवटी बाई स्वतः निघाल्या. मी बरोबर होते, म्हणून हे ऐकीव नाही.

आजी मिरच्यांच्या रानात होती. डोक्याला टॉवेल, हात चालू.

बाई म्हणाल्या, "आजी, चला ना. मुलं थांबलीत."

"कशाला?"

"एक चांगला फोटो घरात असावा. पुढे उपयोगी पडतो."

"मेल्यावर, असं म्हण की. लाजतेस काय? मी मरणारच आहे, तू काही नवीन बातमी आणली नाहीस."

बाई हसल्या. आजी हसली नाही. "माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही," ती म्हणाली. "मग माझं तोंड कशाला न्यायचंय?"

"असं नाही हो आजी. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास! पाच पोरं वाढवली, तेव्हा कुणी मला त्रास विचारला नाही. सगळी गेली शहरात. माणसं येणार म्हणून आम्ही बायका ऑक्टोपस धरायला समुद्रात उतरलो, तर तुम्ही पाणीसुद्धा बाटलीतून आणता. आमच्या विहिरीत काय विष कालवलंय?" मग तिने टोपली खाली ठेवली आणि सरळ बाईंकडे बघितलं. "पुढच्या वर्षी येऊ नका. मेंग पाळकाला मी सांगते. जिथे भुकेली माणसं असतील तिथे जा. इथे भुकेलं कुणी नाही, पोरी. इथे जेवणारं कुणी नाही."

मंडळी, ती बाईंना 'पोरी' म्हणाली. आणि बाई शाळेतल्या मुलीसारख्याच उभ्या होत्या. पायातल्या चपलेकडे बघत. वोलसान आजी नाही म्हणाली की सगळं बेट नाही म्हणतं, हे पाळक मेंग यांना विचारा. त्यांच्या चर्चमध्ये तेव्हा सहा-सात म्हाताऱ्या यायच्या, त्याही आजीने आडकाठी केली नाही म्हणून. सगळंच संपलं असतं हो. आमची सेवा, त्यांची उपासना, सगळं. आणि कशामुळे? आमच्या चांगुलपणामुळे.

आता ऐका बाईंनी काय केलं. दुसरं कुणी असतं तर माफी मागून, एखादं गिफ्ट देऊन मोकळं झालं असतं. बाई तरातरा परत आल्या. आमच्या मोठ्या पातेल्यात जेवण शिजत होतं, त्याच्याखालचा गॅस बंद केला. वाजवली शिट्टी.

"प्रत्येकाने आपली वाटी आणि चमचा घ्या. रिकामी वाटी. रांगेत उभे रहा."

दुह्योन म्हणाला, "बाई, पण जेवण झालंच आहे की."

"मला नाही दिसत," बाई म्हणाल्या.

आणि गावातल्या रस्त्याने आमची वरात निघाली. रेशमी कपड्यातल्या आज्या हॉलच्या दारात येऊन बघतायत, काय झालं या शहरी पोरांना! वोलसान आजीच्या फाटकापुढे बाई थांबल्या. वाटी दोन्ही हातांत धरली आणि जोरात म्हणाल्या, "आजी, भूक लागलीय!"

मी बाईंना खूप वर्षं बघतेय. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला तरी आठवत नाही. कुणी कॉफी दिली तर दुसऱ्या दिवशी दोन देतात. त्यांचा आवाज त्या दिवशी जरा कापला. मोठ्याने बोलल्या म्हणून कुणाला कळला नाही, पण मी शेजारी होते.

आजी दारात आली. आमच्याकडे बघितलं. "आत्ता? काही नाहीये. भांडी घासून झाली माझी."

आम्ही उभेच.

"बरं मग उभे काय, भिकाऱ्यांसारखे? कांदे सोलता येतात का कुणाला?"

पुढचं मी लांबवत नाही. एवढंच सांगते की बातमी गावभर झाली आणि बाकीच्या आज्या फाटकावर चाल करून आल्या. "सगळी पोरं तुझ्याकडेच का? आमची चूल काय मोडलीय?" शेवटी आम्हाला घराघरांत वाटून दिलं. दुह्योनने त्या दुपारी तीन घरी जेवण केलं आणि संध्याकाळी तो आडवा पडून प्रार्थना करत होता.

वोलसान आजीच्या ओसरीवर मात्र बाई होत्या. आजीने लेट्यूसचं पान हातावर घेतलं, त्यात भात, मासा, लसूण, सगळं भरलं, एवढा मोठा घास केला आणि म्हणाली, "आ कर." बाई म्हणाल्या, "मी घेते हो माझं." आजी म्हणाली, "आ कर." बाईंनी आ केला. तो घास तोंडात मावेना, थुंकताही येईना, दोन्ही गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. लसणाचं की कशाचं, मी विचारलं नाही. ते बघून वोलसान आजी जी हसायला लागली! डोक्याला टॉवेल, हाताला भात, तोंडात मोजकेच दात. आमच्या फोटोवाल्या सहाकने तेवढ्यात बटण दाबलं.

नंतर आम्ही म्हटलं, आजी, आता रेशमी कपडे घालून नीट काढू. ती म्हणाली, "हाच करा मोठा. माझ्या मयताला लोक जेवायला बसतील ना, तेव्हा समोर मी हसत असले पाहिजे. रागावलेली दिसले तर लाजून कमी खातील."

तो फोटो आजही तिच्या टीव्हीच्या वर भिंतीला टांगलेला आहे. ती स्वतः ठणठणीत आहे. चर्चला येते का? येते, नाताळला. केक असतो म्हणून, असं तीच सांगते. पण पाळक मेंग म्हणतात, रोज संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून ती आमची नावं घेते. 'तो जास्त खाणारा' अशा नावाने का होईना, घेते. आणि हा जास्त खाणारा दर रविवारी तिला फोन करतो. स्वतःच्या आजीला केला नव्हता इतका.

त्यानंतर बाईंनी नियम बदलला. व्हॅन अर्धी रिकामी न्यायची. उतरल्यावर आधी जेवायचं, मग विचारायचं, काय काम आहे? मग कधी मिरच्या तोडल्या, कधी छपराला ताडपत्री बांधली, कधी नुसतं टीव्हीपुढे बसून आजीबरोबर मालिकेतल्या सासूला शिव्या दिल्या. हे सेवेच्या अहवालात कसं लिहायचं, असा प्रश्न वडीलजनांना पडला होता. पण सांगा मला, मंडळी, आठवड्याभरात आम्ही त्यांना काय दिलं असेल? थोडंच. आणि घेऊन काय आलो? मला वाटतं, आपल्याला कुणी गरजवंत म्हणून नाही, घरचं म्हणून बघावं, याची भूक दोन्हीकडे होती. मी अजूनही म्हणते, जावं. जरूर जावं. फक्त वाटी रिकामी न्यावी. आणि हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने नाही, चूक कळल्यावर भर रस्त्यात वाटी घेऊन उभं राहिलेल्या आमच्या बाईंनी शिकवलं.

आता शेवटचं, आणि हे जरा अवघड आहे.

बाईंनी या समारंभालाही नको म्हटलं होतं. फुलं नको, भेट नको, भाषण तर मुळीच नको. आणि मागच्या आठवड्यात मी विचारलं, बाई, पुढच्या उन्हाळ्यात येणार ना बेटावर? तर त्या म्हणाल्या, "आता टीम तुझी. पद नाही, काम नाही, मी तिथे कोण म्हणून जाऊ?"

पण मी चोंबडी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी बेटावर फोन केला.

वोलसान आजीचे गुडघे तिला बोटीवर चढू देत नाहीत, म्हणून तिने पाळक मेंग यांच्याबरोबर निरोप पाठवलाय. तो तिच्याच शब्दांत सांगते. "सुनोकला म्हणावं, बरं झालं सुटलीस. लसूण निघाला की ये. पोरं नको, व्हॅन नको, शिट्टी नको. रिकाम्या हाताने ये. नूडल्सचं एक पाकीट जरी दिसलं, तर धक्क्यावरून परत पाठवीन. आणि कोण म्हणून येऊ असं विचारलं, तर सांग, जेवायला."

पाळक मेंग यांना दुपारची बोट गाठायचीय, आणि उत्तर घेतल्याशिवाय यायचं नाही अशी त्यांना ताकीद आहे. तेव्हा बाई, तुम्हाला इथे येऊन बोलायला लावत नाही. बसल्या जागेवरून सांगा. जाणार ना?

त्या पर्स उघडतायत. रुमाल शोधतायत. बाई, रुमाल नंतर.

पाळक मेंग, बघितलंत? मान हलली. आडवी नाही, उभीच हलली. तुम्ही साक्षीदार आहात.

रेव्हरंड छे यांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि बाईंनी मला वाढवलं, त्याबद्दल मनापासून आभार. मी लहान आहे, बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, चष्मा पुसणाऱ्यांना काही लागलं असेल, तर पोटात घाला. बोटीतून नुसता निरोप नाही आला, डबेही आलेत. खाली वोलसान आजीचा ऑक्टोपस गरम होतोय. पहिलं ताट बाईंचं आहे, आणि आज त्यांनी उठून कुणालाही वाढायचं नाही.