व्हय म्हाराजा म्हटलं आणि अडकलो

मी गोव्यातल्या तुये गावचा. जन्म इथलाच, पसरोही इथलाच, म्हणजे हे दुकान, आधी बापाचं मग माझं, मीठ, मिरची, चहापावडर, जे मागाल ते. नाव यशवंत, पण गावात सगळे येसोबाबच म्हणतात. शाळा मराठीतून झाली आणि घरात कोंकणी, त्यामुळे तुम्ही हे कुठल्या भाषेत उतरवणार ते तुमचं तुम्ही बघा, माझ्या तोंडात सगळी खिचडीच आहे.

काय सांगू तुम्हाला, चार दिवसांमागे गावाने माझा सत्कार केला, समाजसेवेचा म्हणे, शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. का ते सांगतो, पण आधी टेम्पोचं सांगायला हवं.

गोवा राज्य व्हायच्या आधीची गोष्ट, भाषेचा वाद पेटलेला. कोण म्हणे मराठी, कोण म्हणे कोंकणी, भाऊ भावाशी बोलत नव्हता, माझ्याकडे मात्र दोघेही यायचे, कारण साखर दोघांनाही लागते. म्हापशाहून माल आणायला मी टेम्पो घेतलेला, नवा कोरा, पुढे मोठ्या अक्षरांत माझं नाव. चालवायला सोनू, हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातल्या सातार्ड्याचा, किडकिडीत, बोलायला कमी. एक दिवस बंद होता, रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, आणि भर दुपारी सोनू आत आला, म्हणाला, वरच्या वाड्यावरची म्हातारी भायर रडता, सून बाळंतपणात अडलीसा, टेम्पो काढू? मी काय म्हटलं? नाही म्हटलं. जाळतील टेम्पो, म्हटलं. खरंच म्हटलं हो, आता लपवून काय करू. सोनूने माझ्याकडे बघितलं, खिळ्यावरची चावी काढली आणि गेला.

संध्याकाळी परत आला तर पुढची काच नाही, कपाळाला टाके. म्हणाला, चेडू झाला, दोघांय बरी आसत, म्हणजे मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. आणि मी, माझ्या मेल्याच्या तोंडात किडे पडले असते तर बरं, मी म्हटलं, माझ्या काचेचं काय, उद्यापासून येऊ नको. त्याने चावी खिळ्याला लावली आणि गेला.

पण टेम्पोवर नाव माझं ना! म्हातारी आठ दिवसांनी नारळ घेऊन आली, माझे हात धरले, म्हणाली, देव बरें करूं, आमच्याकडे आभार असेच मानतात. मी नारळ ठेवून घेतले. मग गावभर झालं, येसोबाबचा टेम्पो अडल्यानडल्याला धावतो, आणि लोक यायला लागले, कोणाला साप चावला, कोण माडावरून पडला, आणि मला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही. तीन टेम्पो झिजले, पण पुन्हा नाही म्हटलं नाही. आता हे चांगुलपण की लाज, माझं मलाच कळत नाही, तुम्हाला कळलं तर सांगा.

आणि सत्काराला मानपत्र वाचायला कोण, तर सुषमा, तीच ती त्या दिवशी जन्मलेली, आता आमच्या शाळेत बाई आहे. तिचा आवाज असा, प्रत्येक वाक्य वर नेऊन सोडायचं, अगदी देवळातल्या गाऱ्हाण्यासारखं. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात आणि आम्ही प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतो, लहानपणापासूनची जिभेची सवय, आणि एकदा म्हटलं की ते देवापुढे कबूल. ती म्हणाली, गावासाठी झटलेले, आणि माझ्या तोंडून गेलं, व्हय म्हाराजा. सगळे हसले. मग म्हणाली, बंदच्या दिवशी जिवाची पर्वा न करता ज्यांनी माझ्या आईला इस्पितळात पोचवलं, आणि मी परत, व्हय म्हाराजा!

देवापुढे खोटंच कबूल झालं की! माईक मागितला, म्हटलं, मी नाही म्हटलं होतं, सोनू गेला, आणि मी त्याला कामावरून काढला. तर टाळ्या. सरपंच म्हणाले, बघा केवढं मन, श्रेय ड्रायव्हरला देतात. मी म्हटलं, अहो खरंच सांगतो, तर लोक आणखी हसले. मला कळेना मी कुठे उभा आहे. एकटी सुषमा हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पसऱ्यावर आली. वाटलं, आता झाडणार, आणि झाडावंच. पण तिने एवढंच विचारलं, नाव काय त्यांचं? म्हटलं, सोनू. म्हणाली, आडनाव?

दोन वर्षं तो माझ्या घरात जेवला, बायकोच्या हातची पेज प्यायला, आणि मी कधी विचारलंच नाही. सोनू डायवर, एवढंच.

भिंतीवरचं मानपत्र तिने उतरवलं, पेनाने माझ्या नावाच्या वर लिहिलं, सोनू, आणि पुढे जागा कोरी ठेवली. म्हणाली, रविवारी सातार्ड्याला जाऊ, घरोघर विचारू. म्हटलं, नसला तर? असला आणि म्हणाला आत्ता कशाला आलात, तर? ते तिथे बघू, म्हणाली. जाताना म्हणाली, देव बरें करूं. मला म्हणाली की त्याला, काय ठाऊक.

तर रविवारी जातोय. देवाने त्याला सुखात ठेवलेला असू दे. नाव सांगून सापडला नाही तरी कपाळावरची खूण असेल ना, तिच्यावरून ओळखीन.