लीक चिरले कुणी?

...आणि वर बायको विचारते, पुरावा काय? अहो, पुरावा कशाला पाहिजे? तुम्हाला सांगतो, पोटच्या पोरासारखे वाढवलेले माझे लीक, दिसायला कांद्याच्या पातीसारखे, पण पात कसली, मनगटाहून जाड बुंधे एकेकाचे, शनिवारी क्लबात प्रदर्शन, आणि बुधवारी सकाळी वाफ्यावर जाऊन बघतो तर... सपासप! सगळे सुरीनं चिरलेले! आता आमच्या इंग्लंडात, डरहमकडे, दुसऱ्याचे लीक चिरतो कोण? ज्याचा दुसरा नंबर येणार असतो तो! म्हणजे शेजारच्या वाफ्यावरचा विल्फ. संपलं!

पण आमच्या बायकोनं, ऑड्रीनं, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंय ना! मी रडकुंडीला आलोय आणि ही चहा ढवळत म्हणते, "रेग, हे तुझं अझम्प्शन आहे." म्हटलं, अगं, विल्फचा बापही असलाच होता! "हा प्रेज्युडिस." म्हटलं, त्याचं तोंडच सांगतं! "हा बायस." माहिती नसताना मत बनवायला आपल्या भाषेत इतके शब्द? असणारच, दुसरं करतो काय आपण!

गेलो तणतणत क्लबात, विल्फला हाकलूनच लावतो म्हणून. उभा राहिलो, घसा खाकरला... तर सगळे माझ्याकडेच बघतायत! अध्यक्ष सिरिल बिअरचा ग्लास खाली ठेवून म्हणतो, "विल्फचे यंदा सरस निघणार होते. हरण्यापेक्षा तूच चिरलेस ना?" मी? स्वतःचे? म्हटलं, पुरावा काय? तर अख्खा क्लब म्हणतो, पुरावा कशाला पाहिजे, तोंडच सांगतंय! सिरिल म्हणतो, याला क्लबातून काढायचं का, करा हात वर! अहो, माझा बाप या क्लबात, आजा या क्लबात... ऑड्रीचे सगळे शब्द एका दमात म्हणून टाकले. कुणी ढुंकून बघेना, हात आपले वर चाललेत...

तेवढ्यात मागच्या बाकावरून विल्फ उठला. म्हणाला, "हात खाली घ्या. रेग असं करणार नाही."

सिरिल म्हणाला, "पुरावा?"

"पुरावा कशाला पाहिजे? ओळखतो मी त्याला."

एकेक हात खाली आला. घरी येऊन ऑड्रीला विचारलं, पुरावा नसताना चांगलं मत बनवतात, त्याला काय म्हणतात गं? म्हणाली, "तोही बायसच. आज तुझ्या कामी आला." लाज वाटली हो, डोळे भरून आले. शनिवारी पहिलं बक्षीस विल्फला, आणि सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. दुसरं काय करणार?

पण तुम्हाला म्हणून सांगतो... चिरले त्यानंच. आता बोलायचं कुठल्या तोंडानं!